लातुरातील एक इंग्रजी संभाषण वर्ग आणि 'पुट ऑफ'

औसा रस्त्यावरील एका लहानशा इंग्रजी संभाषण वर्गात मी दोन महिने शिकलो. माझे कृषी सेवा केंद्र आहे. कंपन्यांची इंग्रजी पत्रे रोज येतात, आणि त्यांतील सुटे शब्द ओळखीचे असूनही जोडून आलेल्या क्रियापदांपाशी माझे वाचन अडत असे.

या वर्गाचे मोल मला 'पुट ऑफ' शिकताना कळले. 'पुट' म्हणजे ठेवणे, मग 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे कसे, असे मी विचारले. सरांनी फळ्यावर 'उधारी देऊन बसलो' असे लिहिले आणि यात बसले कोण, असा उलट प्रश्न केला. आपले 'बसणे' तेथे मूळ अर्थ सोडून पस्तावा दाखवते. इंग्रजीत 'पुट', 'गेट', 'टेक' ही साधी क्रियापदेही पुढच्या लहान शब्दाच्या संगतीने अशीच बदलतात, हे इतक्या सहजपणे मला आजवर कोणी समजावले नव्हते.

पुढचे उदाहरण आमच्या शिवारातले होते. पुरेसा, म्हणजे 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो. तो मानून आपण सोयाबीनची पेरणी लांबवली, तर 'वी पुट ऑफ सोइंग' म्हणावे, 'टू सो' नव्हे. पेरणीचे नाव न घेता नुसते 'ती' म्हणायचे असल्यास 'पुट इट ऑफ' हाच क्रम लागतो, 'पुट ऑफ इट' चुकते. ठरलेला कार्यक्रम रद्दच केला, तर शब्द बदलून 'कॉल ऑफ' होतो. सरांनी ही वाक्ये प्रत्येकाकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली.

वर्गाच्या छापील टिपणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे एकच मराठी अर्थ दिला आहे. त्याच्या भरवशावर मी 'फार्मर्स वेअर पुट ऑफ बाय द प्राइस' या वाक्याचा अर्थ लावला आणि विक्री पुढे ढकलली असे समजून कंपनीला नवी तारीख विचारली. वास्तविक किंमत ऐकूनच शेतकऱ्यांचे मन उडाले, असे कंपनीला कळवायचे होते. सरांनी तो दुसरा अर्थ विचारताच नीट उलगडला, पण टिपण अजून तसेच आहे.

म्हणून वर्गाला अवश्य जावे. नुसते टिपण विकत घेऊन घरी अभ्यास करण्याचा विचार असेल, तर पैसे घालवू नयेत.