मागच्या दाराचा अलार्म आणि सिटीची चौथी नोटीस: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

सिटीकडून, म्हणजे शहराच्या प्रशासनाकडून, चौथ्या फॉल्स अलार्मची (चोर नसताना वाजलेल्या अलार्मची) नोटीस आली, सोबत पन्नास डॉलरचा दंड. तेव्हाच ठरवलं, घराच्या या चोर-अलार्म सिस्टिमबद्दल आता नीट लिहायचं. डॅलसच्या उत्तरेकडच्या नव्या वसाहतींमध्ये आपली बरीच मराठी घरं आहेत आणि बहुतेकांकडे याच पद्धतीची, बिल्डरने वायरिंग करून दिलेली सिस्टिम आहे. दारा-खिडक्यांना मॅग्नेट कॉन्टॅक्ट (मॅग्नेट लांब गेला की दार उघडलं असं समजणारा सेन्सर), हॉलमध्ये हालचाल टिपणारा एक मोशन सेन्सर, भिंतीवर टचपॅनेल आणि सेल्युलर मॉनिटरिंग, म्हणजे अलार्म वाजला की मोबाइल नेटवर्कवरून मॉनिटरिंग सेंटरला कळतं. त्यामुळे फीचर्सची यादी देत बसत नाही. ॲप चांगलं आहे, पॅनेल एकदाही अडकलं नाही, सायरन दणदणीत आहे. त्रास दिला तो फक्त मागच्या अंगणाच्या दाराने. आणि तो इतका दिला की या लेखाचा निम्मा भाग त्या दारावरच जाणार आहे.

आमचं मागचं दार दोन पाखांचं आहे. एक पाखा रोज उघडतो, दुसरा वर-खाली बोल्ट लावून बंद असतो. कॉन्टॅक्ट चौकटीत बुजवलेला, मॅग्नेट दाराच्या वरच्या कडेत. पहिले काही महिने काहीच नाही. मग वसंतातलं वारं सुरू झालं आणि रात्री स्टे मोडवर (आपण घरात असतानाच्या सेटिंगवर) असताना सायरन. खाली येऊन बघितलं तर दार बंद, कुलूप लागलेलं. पुन्हा तेच. सिस्टिम सांभाळणाऱ्या डीलरला फोन केला. टेक्निशियन आला, 'सेन्सर खराब आहे' म्हणून बदलून गेला आणि व्हिजिटचे पैसे लावले. महिनाभर शांतता होती, तेव्हा माझंही मत झालं की सेन्सरच वाईट होता. तेव्हा मी हा रिव्ह्यू लिहिला असता तर सिस्टिमला पाचापैकी दोनच दिले असते.

ऑगस्टमध्ये ते मत बदललं. पावसाचा थेंब नाही, पारा शंभर फॅरेनहाइटच्या वर, आणि दाराच्या वरच्या कडेला एका बाजूला फट दिसायला लागली. उत्तर टेक्सासची काळी चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते आणि पाऊस पडला की फुगते. म्हणून तर इथे लोक घराच्या पायाला सोकर होजने (झिरपणाऱ्या पाइपने) पाणी देतात. पाया जरासा हलला की चौकट तिरकी होते, दार बसतं आणि मॅग्नेट कॉन्टॅक्टपासून लांब जातो. बुजवलेल्या छोट्या कॉन्टॅक्टला साधारण अर्ध्या इंचाची मुभा असते. तेवढं अंतर आधीच खर्ची पडलेलं असेल, तर वाऱ्याचा एक धक्का पुरतो. सेन्सर चांगलाच होता. नवऱ्याने बंद पाख्याचे बोल्ट घट्ट केले, चौकटीवरची कडीची पट्टी (स्ट्राइक प्लेट) आत सरकवली, दाराला फट बुजवणारी नवी वेदरस्ट्रिप लावली आणि मी हट्टाने जास्त अंतरावरूनही चालणारा वाइड-गॅप मॅग्नेट बसवून घेतला. सगळं मिळून त्या एका व्हिजिटच्या बिलापेक्षा कमी खर्च आला. त्यानंतर या दाराने तोंड उघडलेलं नाही. तुमचा अलार्म ठरावीक एका दारावरून, ठरावीक ऋतूत वाजत असेल, तर सेन्सर बदलण्याआधी दार बंद करून कडेने टॉर्च फिरवा. फट दिसली की कारण सापडलं.

आता सेटिंग्जबद्दल, कारण मला खरा राग आला तो इथे. खोटे अलार्म कमी व्हावेत म्हणून अमेरिकेत कंट्रोल पॅनेलसाठी सीपी-०१ नावाचं मानक आहे. त्यानुसार दार उघडल्यावर कोड टाकायला (याला एन्ट्री डिले म्हणतात) किमान ३० सेकंद मिळतात आणि ते २४० पर्यंत वाढवता येतात. बाहेर पडायला मूळ सेटिंग ६० सेकंदांचं असतं. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ॲबॉर्ट विंडो. सायरन वाजायला लागला तरी मॉनिटरिंग सेंटरला सिग्नल लगेच जात नाही, १५ ते ४५ सेकंद थांबतो. तेवढ्यात कोड टाकला की पुढे काहीच जात नाही. आमच्याकडे एन्ट्री डिले ३० होता आणि ॲबॉर्ट विंडोही ३०. दोन्ही वाढवून द्या म्हटलं तर डीलर म्हणाला, इन्स्टॉलर कोड (सिस्टिम बसवणाऱ्याचा कोड) लागतो, पुन्हा व्हिजिट लावू. पॅनेल आमचं, घर आमचं, आणि दोन आकडे बदलायला पैसे! तीन वेळा ईमेल केल्यावर त्यांनी ते घरबसल्या, दुरूनच बदलून दिलं. म्हणजे ते आधीही करता येत होतं. एन्ट्री ६०, ॲबॉर्ट ४५. एका झोनचा, म्हणजे एखाद्या दाराचा किंवा सेन्सरचा, अलार्म एकदा वाजून गेला की सिस्टिम बंद करून पुन्हा लावेपर्यंत तो झोन परत वाजू नये, हे सेटिंगही तपासून घेतलं. वाऱ्याच्या रात्री ते फार उपयोगी पडतं.

हा सगळा खटाटोप आई-बाबा सांगलीहून येणार होते म्हणूनही होता. ते गेल्या वेळी आले तेव्हाचा एक प्रसंग सांगते. जेटलॅगमुळे आई पहाटेच उठलेली. तुळशीला पाणी घालायला तिने मागचं दार उघडलं. सायरन सुरू झाला आणि थोड्या वेळाने भिंतीवरच्या पॅनेलमधून मॉनिटरिंग सेंटरच्या ऑपरेटरचा आवाज आला, नाव आणि पासवर्ड विचारणारा. भिंत बोलते आहे हे बघून आई घाबरली आणि गप्प उभी राहिली. आम्ही वरच्या मजल्यावर पंख्याच्या आवाजात, फोन सायलेंटवर. मी जिना उतरेपर्यंत पोलीस निघालेले. दोन अधिकारी आले, अत्यंत सभ्यपणे बोलले. बाबांनी न विचारता पासपोर्ट आणून दाखवला. "अगं, मी नुसतं दार उघडलं," असं आई दिवसभर म्हणत राहिली. तिला इतकं ओशाळवाणं वाटलं की पुढचा आठवडा ती सकाळी खोलीबाहेरच आली नाही. मला त्या दंडापेक्षा याचं जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून पाहुणे आले की आमच्याकडे ठरलेलं असतं. स्टे मोड पहाटे चारला आपोआप बंद होतो, त्यानंतर दार उघडलं तर फक्त चाइम वाजते. आईला तिचा वेगळा कोड दिला आहे आणि तो रोज तिच्याकडून एकदा टाकून घेते. पासवर्ड तिला सहज उच्चारता येईल आणि ऑपरेटरला एका फटक्यात कळेल असा इंग्रजी शब्द आहे. आधी आम्ही गावाचं नाव ठेवलं होतं, ते दोनदा सांगूनही त्यांना जुळवता आलं नव्हतं. मॉनिटरिंग सेंटरचा नंबर आमच्या दोघांच्या फोनमध्ये सेव्ह आहे आणि सायलेंटमधूनही वाजेल असा लावलेला आहे. फोनवर अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची सोय चालू असेल, तर त्यांचा फोन तुम्हाला कळतही नाही. कॉल लिस्टमधले दोन नंबर दोन वेगवेगळ्या माणसांचे आहेत ना, तेही बघा. आमच्या फॉर्मवर दोन्हीकडे नवऱ्याचाच नंबर होता.

आता त्या नोटिशीचं. टेक्सासच्या कायद्यात या बाबतीत सामान्य माणसाला बरंच संरक्षण आहे आणि ते आपल्या लोकांना माहीत नसतं. सिटी घराच्या अलार्म परमिटसाठी वर्षाला पन्नास डॉलरपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. मागच्या बारा महिन्यांत तीन खोटे अलार्म होऊन गेले असतील तरच पुढच्यावर दंड लागतो. तो आधी पन्नासपर्यंत, मग पंच्याहत्तर, फार झाले तर शंभर. पोलीस यायच्या आधी मॉनिटरिंगवाल्यांनी तुम्हाला दोनदा गाठायचा प्रयत्न करायला हवा. आणि माझ्या कामी आलेलं कलम असं की, सूचना मिळाल्यापासून ३० मिनिटांच्या आत सिटीचं कोणी येऊन पाहणी केली नसेल, तर तो फॉल्स अलार्म धरताच येत नाही.

आमचा चौथा अलार्म गारपिटीच्या रात्री झाला होता. सगळीकडे झाडं पडलेली, पोलिसांना शंभर कामं. ते उशिरा आले याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. पण नोटिशीवर फक्त अलार्मची वेळ होती, पोहोचल्याची नव्हती. मी सिटीच्या अलार्म डेस्कला फोन करून ती वेळ मागितली. पाऊण तासाच्या वर गेलेली निघाली. लेखी अपील पाठवलं, आणि दोन आठवड्यांत नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. पन्नास डॉलर वाचले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आमच्या नावावरचा आकडा पुन्हा तीनवर आला. नोटीस आली की पैसे भरून मोकळं होण्याआधी दोन्ही वेळा मागून घ्या.

परमिटचा नंबर मॉनिटरिंग सेंटरकडे नोंदवलेला आहे का, हेही फोन करून विचारा. नूतनीकरण डीलर करतो असं बरेच जण धरून चालतात. आमच्याकडे ते आमचं आम्हीच करायचं आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांनी आपापल्या शहराचे नियम वाचावेत, कारण ते फार वेगळे असतात. सिएटलमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता सेन्सर वाजला म्हणून पोलीस येत नाहीत, आवाज, व्हिडिओ किंवा प्रत्यक्ष पाहणारा माणूस असा काहीतरी पुरावा लागतो. तिथे राहणाऱ्यांनी कॅमेऱ्याशिवाय मॉनिटरिंगचे पैसे भरण्यात काय अर्थ आहे, याचा विचार करावा.

मोशन सेन्सरबद्दल थोडक्यात. गणपतीत मखराच्या झिरमिळ्या एसीच्या झोताखाली आल्या तर अवे मोडमध्ये (घरी कोणी नसतानाच्या सेटिंगवर) तो चिडतो. वाढदिवसाचे चमकदार हेलियमचे फुगेही तसेच. बाहेर जाताना ते दुसऱ्या खोलीत ठेवले की झालं. दूरच्या छोट्या वस्तूंवर तो चिडला असं आमच्याकडे झालेलं नाही. पॅनेलची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, ती बदलण्याआधी सेंटरला सांगून सिस्टिम टेस्टवर टाकायला (म्हणजे तेवढा वेळ अलार्म खरा धरला जाणार नाही) विसरू नका. स्मोक डिटेक्टर मॉनिटरिंगला जोडलेला असेल तर आणखी जपा. आगीच्या सिग्नलला आमचं सेंटर थेट फायर ब्रिगेडला कळवतं. धूप आम्ही आता चिमणीचा पंखा लावून, डिटेक्टरपासून लांबच लावतो.

सिस्टिमला आज मी पाचापैकी चार देईन, डीलरला दीड. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट संपतो आहे. नव्या कॉन्ट्रॅक्टवर कंपनीचा टेक्सास डीपीएसचा (राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचा) लायसन्स नंबर हवा, दुरून होणाऱ्या सेटिंग बदलांना पैसे नाहीत असं लेखी हवं आणि सोडून जाताना इन्स्टॉलर कोड मोकळा करून देण्याचं कलम हवं. दोन डीलरांना हेच विचारलं आहे. एकाने तिन्हींना होकार दिला आहे, कागद यायचा आहे.