बीएमएक्सच्या मागच्या हबला कोणतं बेअरिंग: साधं स्टील, स्टेनलेस की सिरॅमिक?

बीएमएक्स म्हणजे उड्या-कसरतींची छोटी सायकल, आणि हब म्हणजे चाकाचा मधला भाग; त्यातल्या बेअरिंगवर चाक फिरतं. आधी बेअरिंग खरंच गेलंय का ते बघा. चाक काढा, एक्सल दोन बोटांत धरून सावकाश फिरवा. दाणेदार अडखळ लागली, तर बेअरिंग संपलं. फिरतं मऊ, पण चाक आडवं हलतं, तर आधी कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) आणि लॉकनट (तो जागेवर आवळणारा नट) तपासा. दोष पुष्कळदा तिथेच निघतो आणि खर्च वाचतो.

स्वस्त सायकलींच्या हबमध्ये सुटे छर्रे असतात: मागच्या चाकाला सहसा पाव इंची, एका बाजूला नऊ. तिथे नव्या जातीचं बेअरिंग शोधण्यात अर्थ नाही. सगळे छर्रे एकदम बदला, कोनवर खड्डे असतील तर कोनही बदला. खड्डे हबमधल्या कपलाच (छर्रे बसतात त्या वाटीला) पडले असतील, तर नवा हब घेणंच बरं.

सीलबंद बेअरिंगच्या (दोन कड्यांमध्ये छर्रे बंद केलेल्या) हबला मात्र खरी निवड करावी लागते. सिरॅमिक म्हणून मिळतात त्यांत छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे आणि कड्या बहुधा स्टीलच्याच. छर्रे हलके आणि गंजत नाहीत, पण कड्या गंजतात. त्यांचा फायदा वेगात दिसतो, आणि वीस इंची चाक ताशी ३० किलोमीटरला मिनिटाला जेमतेम ३३० फेरे घेतं. पाण्याच्या पंपाची मोटर साध्या स्टीलच्या बेअरिंगवर २,८०० फेरे घेते. शिवाय बीएमएक्समध्ये भार येतो तो उडी मारून आपटताना. कडक छर्रा तेव्हा स्वतः दबत नाही, कडीत खळगा पाडतो. स्ट्रीट आणि पार्कसाठी (रस्त्यावरच्या आणि रॅम्पवरच्या कसरतींसाठी) आम्ही सिरॅमिक सुचवणार नाही.

स्टेनलेस कोकणात, समुद्राकाठी किंवा भर पावसात चालवणाऱ्यांनी घ्यावं. भार सोसण्याची ताकद क्रोम स्टीलपेक्षा (म्हणजे बेअरिंगच्या साध्या स्टीलपेक्षा) थोडी कमी, किंमत जास्त. पण सील ढिलं असेल तर चिखल आत शिरतो आणि स्टेनलेसही झिजतं.

उरलेल्या सगळ्यांसाठी चांगल्या कंपनीचं क्रोम स्टील, दोन्ही बाजूंना रबरी सील. पैसे घालायचे ते सीलमध्ये. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याचं झाकण, त्यातून पाणी आरामात जातं. ‘टूआरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, तेच घ्या. एनटीएन कंपनीच्या बेअरिंगमध्ये ‘एलएलयू’ सील कडीला टेकतं, ‘एलएलबी’ टेकत नाही. एनएसकेमध्ये तसंच ‘डीडीयू’ आणि ‘व्हीव्ही’. टेकणारं सील हाताला किंचित जड वाटतं, पण पावसाळ्यात तेच टिकतं. एबेक आकड्यामागे धावू नका. तो मापातली अचूकता सांगतो, ताकद नाही.

आकारात मात्र मोठा फरक पडतो. ६९०२ नंबरचं बेअरिंग (भोक १५, बाहेरचा व्यास २८, जाडी ७ मिमी) साधारण ४.३ किलोन्यूटन गतिक भाराचं (फिरताना सोसायच्या भाराचं), तर ६८०२ (१५×२४×५) दोनच्या आसपास. ड्रायव्हर म्हणजे मागच्या हबवरचं साखळीचं दातेरी चाक; नऊ दात्यांच्या ड्रायव्हरचा पिच व्यास (साखळी बसते त्या वर्तुळाचा) ३७ मिमीच, त्यामुळे त्यात अशी पातळ बेअरिंगच मावतात, आणि साखळीची सगळी ओढ त्यांच्यावर. म्हणून बजेट कमी असेल तर उत्तम बेअरिंग ड्रायव्हरमध्ये आणि साखळीच्या बाजूच्या हबमध्ये घाला, डावीकडे साधं चालेल. नंबर जुन्या सीलवरून वाचा, पुसला असेल तर व्हर्निअरने मोजा. एसकेएफकडे ६९०२ हेच ६१९०२ नावाने मिळतं.

महागडं बेअरिंग वाया जातं ते बसवताना. जुनं आतून पंचने, आलटून पालटून समोरासमोर ठोकत काढा. नवं बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्या. २८ मिमीच्या बेअरिंगला २७ मिमी बाहेरील व्यासाचा सॉकेट चालतो. आतल्या कडीवर ठोकलंत तर छर्रे कडीत खुणा पाडतात. मधली स्पेसर नळी विसरली, तर नट आवळताच दोन्ही बेअरिंग आडव्या दाबाखाली येतात आणि लवकर खरखरू लागतात. बेअरिंग हाताने सहज आत सरकत असेल, तर हबचं भोक झिजलंय: फट अगदी बारीक असेल तर रिटेनिंग कंपाउंड (फट भरून बेअरिंग चिकटवणारा द्रव) लावा, जास्त असेल तर नवा हब.

कंपाउंड लावणार नसाल, तर बेअरिंग बसवण्याआधी हबच्या भोकाला पातळ ग्रीस फिरवा म्हणजे गंज धरणार नाही. पॉलना (हबमधल्या, दात्यांत अडकणाऱ्या खिट्ट्यांना) मात्र जाड ग्रीस नको. ते चिकटून बसले की दात्यांत अडकत नाहीत, आणि पेडल नेमकं जोर लावताना पायाखालून मोकळं सुटतं.