डिझेल गाडीच्या पट्टीवर सोनेरी ऑइल दिसलं तर तिथूनच परत फिरा

हे मी सांगलीत जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकासाठी लिहितेय. मीटर मागे फिरवणं, पाण्यात बुडालेल्या गाड्या पुसून विकणं हे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. २०१९ च्या महापुरानंतर तर आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सीट उचलून गाळ बघायला शिकलं. मीही बघितला. सीटखाली, डिकीत, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून, सगळीकडे बघितलं. मला फसवलं ते ऑइलवर, आणि वर तोंडावर सांगितलं की ऑइल बघणं ही मालकाची जबाबदारी असते. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

डीलरचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. गाडी २०१६ ची डिझेल, मीटरवर ७८,४०० किलोमीटर. ठरली ४,३५,००० रुपयांना. २५,००० टोकन मोबाइलवरून, २,७५,००० बँकेतून, १,३५,००० रोख. शिवाय ट्रान्सफर आणि इन्शुरन्सचे म्हणून १४,५००. रोख रकमेची पावती मिळाली नाही. 'मॅडम, पाडवा तोंडावर आहे, आज उचलली नाही तर उद्या ही गाडी राहत नाही,' हे ऐकवलं. मला आईला तासगावहून मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. एसटीत तिला बसवत नाही. हौस म्हणून गाडी घ्यायला मी गेले नव्हते.

आणि एकटीही गेले नव्हते. चुलतभाऊ बरोबर होता. गावाकडचे ट्रॅक्टर, जीप त्याच्याच हाताखालून जातात. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनातलं ऑइल किती आहे ते मोजायची पट्टी काढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली. दोन खुणांच्या आत, वरच्या खुणेला टेकलेलं, स्वच्छ सोनेरी ऑइल. माझ्याकडे पट्टी धरून म्हणाला, 'अक्का, ऑइल बघ की, एकदम ताजं हाय.' इंजिनाजवळ एक पिवळं कार्ड तारेनं लटकवलेलं होतं, त्यावर ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर निळ्या पेनने लिहिलेले. आम्हाला वाटलं, मालकाने गाडी जपलेली दिसते.

इथेच सगळं होतं, आमच्या डोळ्यांसमोर. डिझेल इंजिनात ऑइल सोनेरी राहतच नाही. काजळीमुळे ते बदलल्यावर थोड्याच अंतरात काळं पडतं, आणि ७८ हजार फिरलेल्या इंजिनात तर तळाला उरलेलं जुनं ऑइलच नव्याला काळं करतं. पट्टीवर सोनेरी दिसलं याचा अर्थ ते जवळजवळ त्याच दिवशी ओतलेलं होतं. पिवळ्या कार्डावरची तारीख मात्र तीन महिन्यांपूर्वीची होती. तीन महिने चाललेल्या डिझेल गाडीचं ऑइल सोनेरी? हा प्रश्न आमच्या दोघांपैकी एकाला जरी तिथे पडला असता तर पुढे इंजिनावर घातलेले एक लाख आठ हजार वाचले असते. पण ताजं ऑइल बघून संशय कुणाला येतो? काळं, कमी, जळका वास येणारं ऑइल दिसलं तर माणूस मागे सरतो, हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे, म्हणून तर ते ओततात.

दुसरी खूण बॉनेटच्या पत्र्यावर होती. पत्रा गरम होता. विचारलं तर दुकानातलं पोरगं म्हणालं, आत्ताच एका गिऱ्हाइकाला ट्रायल दिली. गाडी गार असताना चालू केली असती तर सायलेन्सरमधून निळा धूर आला असता, म्हणूनच ती तापवून ठेवली होती. तेव्हा गाडी बघायला जाताना फोन करून वेळ देऊ नका. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा, बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर चहा पिऊन परत या. स्टार्टर दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगा आणि स्वतः मागे सायलेन्सरपाशी थांबा. काळा धूर वेगळा, निळा वेगळा. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

ओतलं काय होतं ते नंतर कळलं. कंपनीच्या पुस्तकात माझ्या गाडीला ५डब्ल्यू-३०, म्हणजे पातळ ऑइल सांगितलंय. गाडी घेतल्यावर महिन्याभरात मी तिची रीतसर सर्व्हिसिंग करून घेतली, बिल ६,१८० रुपये. जुनं ऑइल खाली काढलं तेव्हा मेकॅनिकने मला बोलावून दाखवलं. काकवीसारखं घट्ट, धार लागत नव्हती. सोबत धूर दाबायचं काहीतरी रसायन मिसळलेलं असणार असं तो म्हणाला. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या किंवा काजळीने चिकटलेल्या असल्या की ऑइल पिस्टनच्या वर चढतं आणि डिझेलबरोबर जळून जातं. घट्ट ऑइल घातलं की काही दिवस ते कमी चढतं, धूर कमी दिसतो, आवाजही दबतो. विकण्यापुरतं भागतं. पण तेच ऑइल गार इंजिनात टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत, उशिरा पोहोचतं आणि टर्बोचं मरण जवळ आणतं.

मी योग्य ऑइल घातलं आणि गाडीचा खरा रोग बाहेर आला. सकाळी निळा धूर, पट्टी बघावी तेव्हा खाली. ५४० रुपयांची लिटरची बाटली डिकीत कायमची झाली. मी डीलरकडे गेले, कारण त्याने 'इंजिन-गिअरबॉक्स सहा महिने वॉरंटी' असं कार्डावर शिक्का मारून दिलं होतं. तो म्हणाला, 'डिझेल गाडी थोडं ऑइल घेणारच मॅडम.' थोडं म्हणजे किती? म्हणून मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ऑइलच्या खपाची चाचणी करून घेतली, २,३६० रुपये भरून. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरतात, वरच्या झाकणाला आणि खालच्या नटाला सील लावतात, हजार किलोमीटर फिरवून आणायला सांगतात, मग सील बघून मोजतात. माझी गाडी हजाराला ९०० मिली प्यायली. इंजिनात सगळं मिळून तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. काही कंपन्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालतो असं छापतात, ते धरलं तरी हे दुप्पट होत आलं. हा कागद घेऊन गेले तर 'पुढच्या आठवड्यात इंजिन खोलू' असं उत्तर मिळालं. तो पुढचा आठवडा कधी उजाडला नाही.

पुण्याहून परत येताना, विट्याच्या पुढे, गाडीने मागे निळ्या धुराचा ढग सोडला आणि ऑइलचा लाल दिवा लागला. मी तिथेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. निघताना पट्टी वरच्या खुणेला होती, मी स्वतः बघून निघाले होते. टर्बोचं सील गेलं आणि उरलंसुरलं ऑइल त्यातून ओढलं गेलं. एक गोष्ट नीट समजून घ्या. तो लाल दिवा ऑइल कमी झालं म्हणून लागत नाही, ऑइलचं प्रेशर पडलं की लागतो. तो लागेपर्यंत बेअरिंगवर घासलं जायला सुरुवात झालेली असते. 'दिवा लागला की टाकू' असं म्हणणारे भरपूर आहेत. आठवड्यातून एकदा सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघायला काहीच खर्च नाही.

बिल असं झालं. रिंग, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट वगैरे पार्ट ४८,७५०. लेथचं काम ११,२००. टर्बो २२,०००. लेबर १८,०००. ऑइल, फिल्टर, कूलंट ४,८५०. गाडी ओढून आणायचे ३,५००. एकूण १,०८,३००. माझ्या पगारातून.

आता डीलरचं उत्तर ऐका. पहिलं, 'तुम्ही ऑइल बदललं म्हणून इंजिन गेलं, आमचं ऑइल चांगलं होतं.' दुसरं, 'ऑइल लेव्हल ठेवणं मालकाची जबाबदारी, त्यामुळे वॉरंटी बाद.' तिसरं, डिलिव्हरीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात छापलेली ओळ: गाडी आहे त्या स्थितीत पाहून, पसंत करून घेतली.

मालकाची जबाबदारी मला कुणी शिकवू नये. गाडीत वही आहे, त्यात पट्टी बघितल्याची तारीख, मीटर आणि किती ऑइल टाकलं ते लिहिलेलं आहे, बाटल्यांची बिलं टाचलेली आहेत. जबाबदारी चुकली ती माझ्या आधीच्या मालकाची. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं की शेवटची सर्व्हिसिंग ४१,००० ला झालेली. त्यानंतर एकही नोंद नाही. आरसीवरून त्या गृहस्थांचा पत्ता मिळाला, फोन केला. ते सरळ म्हणाले, 'चालत होती तोवर चालवली, ऑइल कमी झालं की टाकायचो. ऑइल पिते म्हणून सांगूनच २,९०,००० ला दिली मी त्यांना.' सांगूनच! म्हणजे डीलरला सगळं माहीत होतं. लिहून द्या म्हटल्यावर मात्र ते गृहस्थ फोन उचलेनासे झाले. ३७ हजार किलोमीटर एकाने इंजिनाची हेळसांड केली, दुसऱ्याने ती झाकली, आणि भुर्दंड बसला तो वेळच्या वेळी ऑइल बघणारीला.

नोंदी काढायच्या त्या टोकन देण्याआधी. डीलर म्हणेल, साहेब, मालक बाहेर सर्व्हिसिंग करायचे. मग बाहेरची बिलं दाखव म्हणा.

पोलीस ठाण्यात गेले. कुठल्या ते लिहीत नाही. समोरच्यांनी अर्ज हातातही न घेता विचारलं, 'मिस्टर आले नाहीत का?' मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, पैसे माझे गेलेत. मग विचारलं, 'घेताना गाडी चालू होती ना?' चालू होती. 'मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.' मी सांगितलं, दोष माहीत असून लपवला, खोटं कार्ड लटकवलं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं. त्यावर, 'मॅडम, तुम्ही शिक्षिका ना? मग वकिली कशाला करता?' अर्जाची पोच मागितली तर साहेब आल्यावर या. साहेब आले तेव्हा बंदोबस्त. बंदोबस्त संपला तेव्हा टेबल बदललं. नव्या टेबलाने पुन्हा पहिल्यापासून विचारलं, घेताना गाडी चालू होती ना? शेवटी तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ती तरतूद आहे. ठाण्यात ताटकळत बसण्याआधी हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुम्हाला सांगते.

परिवहन खात्याच्या कचेरीत त्याहून वाईट. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना २९बी. गाडी डीलरच्या ताब्यात आली की नमुना २९सी भरून कळवायचं असतं. माझ्या व्यवहारात यातलं काहीच नव्हतं. गाडी नावावर करायच्या नमुना २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या कोऱ्यावरच घेतलेल्या, त्यावर माझं नाव घातलं, आणि गाडी कागदोपत्री थेट त्यांच्याकडून माझ्याकडे आली. डीलर कुठेच नाही! २,७५,००० सुद्धा त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर गेलेले. मी खिडकीवर एवढंच विचारलं की या माणसाकडे प्रमाणपत्र आहे का. एका खिडकीने दुसरी दाखवली, दुसरीने एजंटाला विचारा म्हटलं. सरकारी नियम पाळला गेला की नाही हे एजंटाला विचारायचं? माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. नियम करायचे, छापायचे, आणि विचारायला आलेल्या माणसाला हाकलायचं. रस्त्याच्या कडेला झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या ओळीने उभ्या असतात. त्या कुणालाच दिसत नाहीत का?

दुकानात शिरल्याबरोबर २९बी मागा. भिंतीवर नसेल तर गाडी बघूच नका. पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यावरच द्या, रोख एक रुपया नको. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करून बघा, भकाभका धूर बाहेर आला तर आत रिंगांचं काम निघालेलं आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या, आणि तेही तुमच्या मिस्त्रीकडून, डीलरच्या नाही.

ग्राहक आयोगात मी स्वतः तक्रार दाखल केली आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, डीलर कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केलात तर तक्रारीचा नंबर मिळतो, तो कागदाला जोडा. इंजिन खोलाल तेव्हा जुने पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. माझ्या चिकटलेल्या रिंगा, घासलेली बेअरिंग आणि ते घट्ट ऑइल भरलेली बाटली मी मेकॅनिकच्या सहीनिशी सीलबंद करून ठेवली आहे, आयोग ते प्रयोगशाळेत पाठवू शकतो. निळ्या पेनने लिहिलेलं पिवळं कार्डही त्यातच आहे. सांगलीत कुणाच्या गाडीत तसंच कार्ड लटकत असेल तर त्यावरची तारीख आणि आपल्या पट्टीवरच्या ऑइलचा रंग आजच ताडून बघा, दोन्हीचे फोटो काढा, आणि वॉरंटीची मुदत संपायच्या आत लेखी तक्रार करून पोच घ्या.