वॉटफर्डचं व्हेपचं दुकान: नवऱ्याची सिगारेट सुटली ते, आणि मुलाच्या खिशात सापडलं ते

दुकानाचं नाव लिहिणार नाही. इकडे ब्रिटनमध्ये निकोटिनच्या व्हेपची (सिगारेटऐवजी लिक्विडची वाफ ओढायचं बॅटरीवरचं यंत्र) ऑनलाइन जाहिरात करायला कायद्याने मनाई आहे. शिवाय माझा अनुभव वाचून, सिगारेटला कधी हात न लावलेलं कुणी त्या दुकानाची पायरी चढलं तर मला फार वाईट वाटेल. पण लंडनजवळच्या या वॉटफर्डच्या आसपास राहणारं, सिगारेट सुटत नाही म्हणून हैराण झालेलं कुणी असेल तर जरूर विचारा, पत्ता देते.

माझ्या नवऱ्याने पहिली सिगारेट एकोणिसाव्या वर्षी ओढली, पुण्यात कॉलेजसमोरच्या टपरीवर. पुढची सव्वीस वर्षं दिवसाला दहा-बारा. मुलगा पोटात असताना सोडली होती, ती बारशापर्यंत टिकली. पॅच लावून झाले, निकोटिनचं च्युइंगम चघळून झालं, सासूबाईंनी घातलेल्या शपथा झाल्या. रात्री जेवण झालं की तो कोट चढवून मागच्या अंगणात जायचा आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो लाल ठिपका बघत भांडी घासायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या धूम्रपान सोडवण्याच्या सेवेतल्या सल्लागार बाईंनी त्याला सांगितलं, पॅचने जमत नसेल तर व्हेप वापरून बघा, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून उचलू नका, व्हेपच्या खास दुकानात जाऊन नीट समजून घ्या.

आम्ही दोघं गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या, आधी बस चालवायच्या, स्वतः तीस वर्षं सिगारेट ओढलेल्या. त्यांनी दिवसाला किती ओढता हे नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटवता?" नवरा म्हणाला, दहा मिनिटांत. त्यावरून त्यांनी ठरवलं की सुरुवात २० मिलिग्रॅमपासून करायची. इथे कायद्याने एका मिलिलीटरमध्ये त्याहून जास्त निकोटिन घालताच येत नाही. "कमी घेऊन गेलात तर चार दिवसांत पुन्हा सिगारेटवर याल," म्हणाल्या. "पहिला आठवडा हवी तितकी वाफ घ्या. फक्त सिगारेट पेटवू नका."

मग त्यांनी पॉड, म्हणजे व्हेपची लिक्विडची छोटी टाकी, कसा भरायचा ते दाखवलं. बाजूचं रबराचं झाकण नखाने उचलायचं, बाटलीचं टोक आत घालून हळूहळू दाबायचं, आणि भरल्यावर लगेच ओढायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं. आतल्या कॉइलभोवती, म्हणजे तापणाऱ्या तारेभोवती, कापूस असतो, तो लिक्विडने पुरता भिजला पाहिजे. कोरड्या कापसावर झुरका घेतला तर तो जळतो आणि मग त्या पॉडची चव शेवटपर्यंत करपलेल्या फोडणीसारखी लागते. नेहमीची चूक हीच असते, म्हणाल्या. लोक पहिल्याच दिवशी कापूस जाळतात, व्हेप वाईट म्हणतात आणि पाकीट विकत घेतात. ओढायचं कसं, तेही शिकवलं: सिगारेटसारखं जोरात नाही, सावकाश.

काचेच्या कपाटात सत्तर-ऐंशी पौंडांची चकचकीत यंत्रं होती. नवऱ्याची नजर तिकडे गेलेली मी पाहिली, त्यांनीही पाहिली. पण त्यांनी हातात ठेवलं ते अठरा पौंडांचं साधं पॉड किट आणि लिक्विडच्या दोन छोट्या बाटल्या. मी त्या दुकानाला मनातून मानलं ते तिथे.

त्याने तंबाखूच्या चवीचं लिक्विड घेतलं होतं. आठवड्याने परत गेलो, कारण त्या चवीने त्याला सारखी खऱ्या सिगारेटची आठवण यायची. बाई म्हणाल्या, आता तंबाखूपासून लांब जायला हवं, आणि आंब्याचं दिलं. तेव्हापासून तो आंब्यावर आहे. २० चे १० झाले, मग ६, आता ३. सिगारेटचं वीसचं पाकीट इथे पंधरा पौंडांच्या वर गेलंय, १० मिलिलीटरची बाटली चार पौंडांत येते आणि त्याला चार-पाच दिवस पुरते. सकाळचा तो खोकला, जो मी लग्नापासून गजरासारखा ऐकत आले, तो मे महिन्यात थांबला. एका सकाळी मला जाग आली आणि घर शांत होतं.

त्या दुकानात मला कायदासुद्धा बाटलीवर बोट ठेवून समजला. बाटली १० मिलिलीटरपेक्षा मोठी नाही, पॉडची टाकी २ मिलिलीटरपेक्षा मोठी नाही, झाकण लहान मुलाला उघडता येणार नाही असं, आणि निकोटिनचं व्यसन लागतं हा इशारा पुढून-मागून तीस टक्के जागा व्यापणारा. हे सगळे नियम २०१६ पासूनचे. शिवाय प्रत्येक उत्पादनाची औषध नियंत्रक संस्थेकडे, एमएचआरएकडे, नोंद लागते. बाईंनी फोनवर यादी उघडून आमच्या बाटलीचं नाव काढून दाखवलं. लगेच हेही सांगितलं की नोंद झाली म्हणजे सरकारने तपासून चांगलं म्हटलं असा अर्थ होत नाही. कंपनीने आत काय आहे ते कळवलं, एवढंच. विकणाऱ्याने हे स्वतःहून सांगावं, याचं मला कौतुक वाटलं.

काउंटरमागे भिंतीवर एका व्यापारी संघटनेच्या सदस्यत्वाचं प्रमाणपत्र आहे. त्याबद्दल विचारलं आणि बाई अर्धा तास बोलल्या. या धंद्यात इथे दोन नावं सारखी ऐकू येतात. एक यूके व्हेपिंग इंडस्ट्री असोसिएशन. २०१६ साली ती निघाली तेव्हा बड्या सिगारेट कंपन्यांचे व्हेपचे विभागही तिच्यात होते. दुसरी इंडिपेंडंट ब्रिटिश व्हेप ट्रेड असोसिएशन, जिच्यात तंबाखू कंपन्यांना जागा नाही. बाईंचं प्रमाणपत्र दुसरीचं. "माझे वडील सिगारेटने गेले," त्या म्हणाल्या. "ज्यांनी ती विकली त्यांच्या मांडीला मांडी लावून सिगारेट सोडवायच्या गप्पा मला जमणार नाहीत."

हे मला पटलं. तरीही मार्च २०२५ मध्ये आमच्या घरात जे झालं, त्यानंतर भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. शाळेचा ब्लेझर धुवायला टाकताना आतल्या खिशात काहीतरी कडक लागलं. हायलायटर पेनएवढी गुलाबी-निळी नळी, वर कलिंगडाचं चित्र. वास अगदी लहानपणीच्या लिमलेटच्या गोळ्यांसारखा. "आई, माझं नाही ते, मित्राचं आहे, शपथ," तो म्हणाला. मित्राचंच होतं. दोघांनी मिळून ओढलं होतं, हे रात्री दोन वाजता रडत सांगितलं. मित्राने ते शाळेच्या वाटेवरच्या एका दुकानातून पाच पौंडांना घेतलं होतं, युनिफॉर्मवर, टाय गळ्यात असताना. वय कुणी विचारलं नाही. मी सिटिझन्स अॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून कळवलं. तुमच्या भागात असं काही दिसलं तर तुम्हीही तिथेच कळवा, ते माहिती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे दुकानांवर नजर ठेवणाऱ्या कौन्सिलच्या विभागाकडे, पाठवतात.

अठराखालच्यांना व्हेप विकणं इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून गुन्हा आहे. पण मला तेव्हा जे कळलं त्याने मी सुन्न झाले: इंग्लंडमध्ये दारू विकायला परवाना लागतो, सिगारेट किंवा व्हेप विकायला लागत नाही. कुणीही शटर उघडावं आणि चिप्सच्या शेजारी व्हेप मांडावेत. व्यापारी संघटनांची आचारसंहिता पाळतात ते आपणहून सदस्य झालेले. माझ्या मुलाच्या मित्राला पाच पौंडांत कलिंगड विकणाऱ्याच्या दुकानात कसलंच प्रमाणपत्र नव्हतं, आणि त्याचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

म्हणून दुकानांना सक्तीचा परवाना हवा, या मताची मी झाले. या बाबतीत त्या दोनपैकी पहिली संघटना, यूके व्हेपिंग इंडस्ट्री असोसिएशनही, त्याच बाजूची आहे. परवाना आणा आणि मुलांना विकणाऱ्याला दहा हजार पौंडांपर्यंत दंड करा, ही मागणी तिने स्वतः लावून धरली आहे. मागणी करणारा कोण आहे ते बघून मी ती नाकारणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या तंबाखू आणि व्हेप विधेयकात परवान्याची तरतूद होती. जागेवर दोनशे पौंडांचा दंडही होता, आणि १ जानेवारी २००९ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच न विकण्याची तरतूदही. संसदेच्या खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, ते मार्च २०२५ मध्ये मंजूर केलं. तेव्हा आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

जिथे माझं या संघटनेशी पटत नाही ते डिस्पोजेबलचं, म्हणजे संपला की फेकून द्यायच्या व्हेपचं. बंदी घातली तर काळा बाजार वाढेल, असं म्हणत त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. २०२३ मध्ये बालरोगतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज बंदी मागत होतं, स्थानिक कौन्सिलांची संघटना मागत होती. त्या वर्षी या देशात आठवड्याला पन्नास लाख डिस्पोजेबल फेकले जातात असा हिशेब मटेरियल फोकस संस्थेने मांडला होता, आणि प्रत्येकात लिथियमची बॅटरी. अखेर १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. आता तीच रंगीत नळी, त्याच नावांनी, चार्जिंगचं भोक आणि बदलायचा पॉड लावून जवळपास त्याच किमतीला मिळते. शाळेच्या बसस्टॉपवर ती फेकलेली मी अजून बघते.

फ्लेवरबद्दल मात्र माझा जीव दोन्हीकडे ओढला जातो. विधेयकात सरकारला फ्लेवर, पाकिटं आणि मांडणी यांवर नियम करायचे अधिकार दिले होते. संघटना म्हणते, फ्लेवर काढलेत तर मोठी माणसं पुन्हा सिगारेटकडे वळतील. माझा नवरा आंब्याने सुटला, मी ते डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे हे म्हणणं मला खोटं म्हणता येत नाही. पण आंब्याची चव ठेवायला आंब्याचं हसरं चित्र, गोळ्या-चॉकलेटांची नावं आणि झगमगणारी शोकेस कशाला लागते? पांढऱ्या पाकिटावर काळ्या अक्षरात 'आंबा' लिहा, ड्रॉवरमध्ये ठेवा, मागेल त्या मोठ्या माणसाला द्या. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी वर्षानुवर्षं सांगतायत: ओढत असाल तर व्हेप खूपच कमी घातक, ओढत नसाल तर व्हेपला हात लावू नका, आणि मुलांना डोळ्यांसमोर ठेवून ते खपवणं अजिबात मान्य नाही. माझ्या घरात या तिन्ही गोष्टी एका छपराखाली खऱ्या ठरल्या.

याच कारणाने दुकानाला मी पाचपैकी चार देते. आतली सेवा दहापैकी दहा आहे. पण दर्शनी काचेवर जांभळ्या दिव्यांमध्ये बर्फाच्या गोळ्याचं पोस्टर आहे आणि समोरून रोज साडेतीनला शाळा सुटलेली मुलं जातात. मी तोंडावर सांगितलं. बाई म्हणाल्या, पोस्टर कंपनी देते, काढते. महिना झाला, अजून आहे.

पुण्यातले लोक म्हणतील, भारतात २०१९ पासून व्हेपवर पूर्ण बंदी आहे, प्रश्नच मिटला. गेल्या डिसेंबरात आम्ही घरी गेलो होतो. नवऱ्याने व्हेप अर्थातच वॉटफर्डला ठेवला, सोबत च्युइंगम घेतलं. दुसऱ्याच संध्याकाळी सोसायटीच्या बाहेरच्या टपरीवर त्याने सुटी सिगारेट घेतली. सुट्या सिगारेटची विक्री महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंद आहे, हे त्या टपरीला कुणी सांगितलेलं दिसलं नाही. २०१२ पासून बंदी असलेल्या गुटख्याच्या माळा शेजारी लटकत होत्या. आणि टपरीवरच्या पोराने हळूच विचारलं, "काका, व्हेप पाहिजे का? इंपोर्टेड आहे." त्यावर ना निकोटिनचं प्रमाण लिहिलेलं, ना इशारा. बंदी तीन गोष्टींवर, आणि तिन्ही एका हाताच्या अंतरावर. नवऱ्याने त्या मुक्कामात दोन सिगारेटी ओढल्या, आणि परत आल्यावर महिनाभर ६ वरून पुन्हा १० वर गेला.

इथे १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलीटरला २ पौंड २० पेन्स कर लागणार आहे, वर व्हॅट. चारची बाटली साडेसहाच्या पुढे जाईल. सिगारेटवरचा करही त्याच दिवशी वाढणार असल्याने फरक राहील. तरी ज्यांची अजून सुटायची आहे त्यांनी तोवर थांबू नये.

गेल्या शनिवारी पुन्हा गेलो. मुलगा सोबत होता, आता पंधराचा. बाईंनी त्याला दारातच थांबवलं: अठरापर्यंत आत नाही, आईबाबा सोबत असले तरी. बाहेर भुरभुर पाऊस होता, तो छत्री घेऊन बसस्टॉपवर उभा राहिला. नवऱ्याने शून्य निकोटिनची बाटली मागितली. बाईंनी फडताळातून काढली, क्षणभर हातात धरली आणि परत ठेवली. "डिसेंबरात भारतात जाताय ना? आत्ता ३ चंच न्या, आणि विमानापुरतं च्युइंगम. जानेवारीत परत आलात की ही देते."