पाताळाचा पत्ता कोणत्या कोशात?

कोश विकत घेण्याआधी त्यात ‘पाताळ’ काढून बघावा. समोर नुसतं ‘नरक’ छापलेलं असेल तर तो दुकानातच ठेवलेला बरा. पुराणांत या दोन जागा वेगळ्या आहेत. भागवताच्या पाचव्या स्कंधात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताल असे सात थर येतात. सुतलात बळी राहतो, सर्वांत खाली वासुकी आणि इतर नाग. 28 नरकांची यादी त्याच स्कंधात, पण दोन अध्याय पुढे. विष्णुपुराणात तर नारद पाताळ हिंडून येतो आणि ते स्वर्गाहून रम्य असल्याचं सांगतो. शिक्षेच्या जागेची अशी तारीफ कोण करेल?

या परीक्षेत पहिला नंबर अजून अमरकोशाचाच, म्हणजे संस्कृत पर्यायी शब्दांच्या जुन्या कोशाचा. त्यात पातालभोगिवर्ग आणि नरकवर्ग स्वतंत्र आहेत. पाताळाचे पर्याय पाच: अधोभुवन, पाताल, बलिसद्म, रसातल, नागलोक. (शेवटचा शब्द नाग नदीकाठच्या, म्हणजे नागपूरच्या, वाचकाला पाठ करावा लागणार नाही.) मात्र टीका, म्हणजे शब्दांचं स्पष्टीकरण, असलेली आवृत्तीच घ्यावी, नुसत्या श्लोकांतून व्युत्पत्ती कळत नाही. टीकाकार पत् म्हणजे पडणे या धातूला ‘आल’ प्रत्यय लावतात, जसा ‘चण्डाल’मध्ये आहे. ‘पाद + तल’, म्हणजे पायाखालचं, ही फोड ऐकायला गोड, पण त्यासाठी ‘द’ गाळावा लागतो आणि ‘त’ला काना द्यावा लागतो. दोन्हींना आधार दाखवता येत नाही. ‘नरक’ची फोड हवी असेल तर यास्काच्या निरुक्ताकडे, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथाकडे, जावं: न्यरक, खाली जाणं, किंवा जिथे रमायला थोडीही जागा नाही ते.

मराठी वापरासाठी अमरकोश पुरत नाही. पाताळयंत्री माणूस, आकाशपाताळ एक करणं, रसातळाला जाणं हे सगळं दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात बघावं (सात विभाग, 1932 ते 1938, पुरवणी 1950). जुन्या ग्रंथांतली उदाहरणं हे त्याचं खरं बळ. व्युत्पत्ती बहुधा कंसात ‘सं.’, म्हणजे संस्कृत, एवढ्यावर आटोपते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती अर्थछटांसाठी चांगली, पण अर्थ इंग्रजीत आणि संस्कृत शब्दापुढे फक्त ‘एस’ची खूण.

पैसे घालायचे नसतील तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर हे दोन्ही मराठी कोश फुकट आहेत. शोध फसतो तो बहुतेक एकाच अक्षरामुळे. मराठी कोशात ‘पाताळ’ ळ ने टाका, संस्कृत कोशात ‘पाताल’ ल ने. कोलोन विद्यापीठाच्या संस्कृत कोशांत रोमन लिपीच्या ‘हार्वर्ड-क्योटो’ पद्धतीने शोधत असाल तर दोन्ही ‘आ’साठी कॅपिटल ए लागतो; छोटा टाकला तर तो ‘अ’ धरला जातो. मोल्सवर्थमध्ये उलटाही शोध घ्यावा: नागासाठीचा इंग्रजी शब्द संपूर्ण मजकुरात टाकला की सर्पांशी जोडलेले, एरवी सुचलेही नसते असे मराठी शब्द हाती येतात.

छापील संचच हवा असेल तर नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत डोळे उघडे ठेवावेत. दाते-कर्वे सुटे विभाग म्हणून स्वस्तात मिळाले तरी आधी पुरवणी आहे का ते विचारावं, ती बहुधा गायब असते. ‘प’चा विभाग मधोमध उघडून शिवण बघा. नुसती डिंकाने चिकटवलेली पुनर्मुद्रणं नागपूरच्या मे महिन्यात कडक होऊन पानं सोडतात. घरी आणल्यावर कूलरच्या झोतासमोरच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. ओल धरते, बुरशी येते, आणि कापडी पुठ्ठा आधी जातो.