फास्टॅगचा वार्षिक पास: सात महिन्यांच्या वापरानंतर, बडोद्याहून निघणाऱ्या गाडीचा हिशेब

राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांसाठी खासगी मोटारींना मिळणारा हा पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला. तेव्हा किंमत ३,००० रुपये होती. मुदत एक वर्ष किंवा २०० ट्रिप, जे आधी संपेल ते. सात महिने वापरल्यावर मत असं झालंय की पास चांगलाच आहे, पण तुमच्या घरची गाडी कुठल्या रस्त्यांवर धावते हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. बडोदेकरांच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे.

पहिला घोळ ‘ट्रिप’ या शब्दाचा. आपण मुंबईला जाऊन आलो की एक फेरी म्हणतो. पासच्या हिशेबात एक नाका ओलांडला की एक ट्रिप, आणि परतताना तोच नाका पुन्हा मोजला जातो. बडोद्याहून हायवे ४८ ने मुंबईकडे निघालं की करजणजवळचा भरथाणा, अंकलेश्वरचा मांडवा, सुरतेचा चोर्यासी, नवसारीचा बोरिआच, वापीच्या अलीकडचा बगवाडा, मग महाराष्ट्रात चारोटी आणि खानिवडे असे सात नाके लागतात. जाऊन-येऊन चौदा. म्हणजे २०० ट्रिपमध्ये मुंबईच्या चौदा वाऱ्या होतात आणि चार ट्रिप उरतात. एवढ्या वाऱ्या वर्षात कुणाच्या होत नाहीत, त्यामुळे ट्रिप संपण्याची धास्ती नको. संपते ती मुदत.

२०० ट्रिप पूर्ण वापरल्या तर नाक्यामागे साधारण १५ रुपये पडतात, असं सगळे सांगतात. घरगुती गाडीसाठी हा आकडा कामाचा नाही. कामाचा हिशेब असा: आपल्या फास्टॅगचं मागच्या वर्षभराचं स्टेटमेंट काढायचं आणि त्यातल्या फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांची बेरीज करायची. ती पासच्या किमतीच्या वर गेली तरच पास. नाक्यामागे सरासरी शंभर रुपये धरले तर तिसेक नाक्यांवर पैसे वसूल होतात; मुंबईच्या दोन वाऱ्या झाल्या की अठ्ठावीस भरतात. दिवाळी, मे महिना आणि एखादं लग्नकार्य एवढं असलं तरी पास परवडतो. वर्षातून एकदाच जाणाऱ्यांनी घेऊ नये.

कुठे उपयोग नाही हे नीट समजून घ्या, कारण गैरसमज तिथेच होतात. पावागडला हालोलच्या रस्त्याने जा किंवा डभोईवरून केवडियाला, राज्य सरकारच्या नाक्यांवर खासगी मोटारींना गुजरातेत १५ ऑगस्ट २०१६ पासूनच टोलमाफी आहे. तिथे पास काहीच वाचवत नाही. मुंबईच्या वेशीवर दहिसरला हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, तोही प्रश्न नाही. खरा खड्डा पुढे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथे पास चालत नाही. मोटारीचे एका बाजूचे ३२० रुपये फास्टॅगच्या वॉलेटमधूनच जातात. अटल सेतू आणि समृद्धी महामार्गालाही हेच लागू. पुण्याच्या पुढे खेड-शिवापूर आणि आनेवाडीला पास पुन्हा चालतो. म्हणून साताऱ्याला निघताना पास असूनही वॉलेटमध्ये किमान सातशे रुपये हवेत. पास आहे म्हणून वॉलेट रिकामं ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. टॅग चालला नाही तर द्रुतगती मार्गावर दुप्पट, राष्ट्रीय महामार्गावर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो.

अहमदाबादच्या बाजूला मात्र पास फार सोयीचा आहे. बडोदा-अहमदाबाद एक्सप्रेसवेवर शिरताना आणि उतरताना मिळून एकच ट्रिप मोजतात. जुन्या हायवेने वासदवरून गेलात तर प्रत्येक नाका वेगळा. बडोदा-भरूच हा दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेचा टप्पाही चढण्या-उतरण्यावर मोजला जातो.

पास घेताना राजमार्गयात्रा ॲपवर गाडीचा नंबर टाकायचा, पैसे भरायचे, साधारण दोन तासांत पास चालू होतो. वॉलेटमधल्या पैशांतून पास घेता येत नाही, रक्कम वेगळी भरावी लागते. त्याआधी तीन गोष्टी तपासा. टॅग गाडीच्या नंबरवर नोंदलेला हवा. नवी गाडी घेताना शोरूममध्ये चासिस नंबरवर दिलेला टॅग तसाच राहिला असेल तर पास मिळत नाही. टॅग काचेवर चिकटवलेला हवा. आणि नोंदवलेला मोबाइल चालू हवा. गाडी वडिलांच्या नावावर आणि टॅगला त्यांचा नंबर असेल तर सगळे मेसेज त्यांच्याकडे जातात, गाडी चालवणाऱ्याला काही कळत नाही. काचेवर जुना टॅग राहिला असेल तर तो खरवडून काढा. पास त्याच गाडीपुरता असतो, दुसऱ्या गाडीला लावता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत, आणि पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला तो मिळतच नाही.

पहिल्या प्रवासात प्रत्येक नाक्यानंतर मेसेज वाचाच. पास चालतो त्या नाक्यावर वॉलेटमधून पैसे कापलेले दिसले तर नाक्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवून १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घरी आल्यावर आठवून सांगणं जमत नाही.

टोल वाचला की हात सैल सुटतो आणि ते पैसे पेट्रोलात जातात, म्हणून एवढं सांगायलाच हवं. गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी स्वस्त असतं. वापी सोडलं की भिलाडच्या अलीकडे टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झाल्यावर वर ओतायला सांगू नका. ३७ लिटरची टाकी आणि लिटरला सोळा किलोमीटर धरले तर ५९० किलोमीटर होतात, म्हणजे पुण्याला जाऊन पुन्हा भिलाड गाठण्याइतके; शहरात फिरणं झालं तर महाराष्ट्रात पाच लिटर घालावं लागेल, बस. साडेतीनशेच्या आसपास तिथेच वाचतात. दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेवर १२० ची परवानगी आहे, पण ९० वरून ११० वर गेलं की हवेचा विरोध जवळपास दीडपट होतो, त्यात टपावर कॅरियर असेल तर आणखी. चाकांची हवा पहाटे गाडी थंड असताना भरा, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलाय तो धरा. पाच माणसं आणि डिकीभर सामान असताना रोजच्या हवेवर निघालं तर टायर तापतात आणि पेट्रोलही जास्त जातं.

मुदत संपत आली की निघण्याआधी ॲपमध्ये तारीख बघा. परतीच्या वाटेवर पास संपला तर तिथून पुढचे सगळे नाके वॉलेटमधून, पूर्ण दराने कापले जातात.