वेल्समधले गरीब पूर्वज शोधताना: काही महिने पुअर लॉच्या (गरिबांना मदत देण्याच्या कायद्याच्या) नोंदी वापरल्यावर

आधीच सांगते, पूर्वज गरीब होते एवढंच माहीत असेल तर थेट वर्कहाउसच्या (निराधारांना ठेवून काम करून घ्यायचे त्या गरीबखान्याच्या) रजिस्टरांकडे धावू नका. सगळे तेच करतात, तिथे नाव सापडलं नाही की शोध सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण वेल्समध्ये 1834 चा नवा पुअर लॉ आल्यावरसुद्धा मदत घेणारी बहुतेक माणसं वर्कहाउसात गेलीच नाहीत, त्यांना घरीच आठवड्याला थोडे पैसे मिळायचे. रायडरच्या युनियनने, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी अनेक पॅरिश (चर्चच्या हद्दीचे छोटे भाग) मिळून केलेल्या गटाने, तर 1870 च्या दशकाच्या शेवटापर्यंत वर्कहाउस बांधलंच नव्हतं.

माझे सासरे मूळचे मॉन्टगोमेरीशायरचे, न्यूटाउन-लॅनिडलॉइस भागातले, घरात फ्लॅनेल विणणारी माणसं. हातमागाचा धंदा बसला तशी अशी कितीतरी घरं पॅरिशच्या दाराशी आली. सासऱ्यांना हे सगळं जाणून घ्यायचं होतं, म्हणून गेले काही महिने मी यात आहे.

मला सर्वात जास्त मिळालं ते 1834 च्या आधीच्या पॅरिशच्या कागदांमधून. तेव्हा प्रत्येक पॅरिशचा ओव्हरसियर गरिबांवरचा खर्च लिहायचा, अमक्या विधवेला बूट, तमक्याच्या घराचं भाडं, पोरांना फ्लॅनेल, सरपण, आणि मग एक दिवस त्याच नावापुढे शवपेटीचा खर्च. वर्षानुवर्षं एकाच बाईचं नाव येत राहतं आणि तिचं म्हातारपण डोळ्यासमोर उभं राहतं. चर्चच्या रजिस्टरात याच बाईच्या वाट्याला दफनाची एक ओळ येते.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सेटलमेंटची चौकशी. 1662 च्या कायद्याने माणसाची जबाबदारी कुठल्या पॅरिशची हे ठरायचं, आणि ते ठरवायला दोन मॅजिस्ट्रेटसमोर त्याचा जबाब घ्यायचे: जन्म कुठे, वडील कुठले, लग्नाआधी कुणाकडे वर्षभर चाकरी केली, उमेदवारी कुठे केली. एका पानात गरीब माणसाचं अर्धं चरित्र! नंतर रिमूव्हल ऑर्डर काढून त्याला त्याच्या पॅरिशला परत धाडायचे. 1795 पासून प्रत्यक्ष मदत मागितल्याशिवाय हाकलता येत नव्हतं, पण लग्न न झालेल्या गरोदर बाईला ही सूट नव्हती, कारण तिचं मूल जिथे जन्मेल ती पॅरिश त्याला बांधली जायची. अशा बाईची ऑर्डर वाचताना मला पुढचं पान लगेच उलटवता आलं नाही.

आता अडचणी. पहिली, नावं. जोन्स, डेव्हिस, एव्हन्स, विल्यम्स यांचा नुसता महापूर, त्यात काही भागात वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावायची पद्धत 19 व्या शतकातही चालू होती, म्हणजे बापाचं आडनाव एक आणि मुलाचं दुसरं. बायका पुष्कळदा माहेरच्याच नावाने दिसतात, त्यामुळे विधवेला दोन्ही नावांनी शोधा. शेताचं किंवा घराचं नाव लिहिलेलं असेल तर ते आधी उतरवून घ्या, एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं करायला तेच उपयोगी पडतं. लोक बोलायचे वेल्श आणि कागद बहुतेक इंग्रजीत, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग. पैसे भरायच्या एका साइटवरच्या इंडेक्सने मला भलत्याच गावाला नेलं होतं, मूळ पानाचा फोटो बघितल्यावर खरं गाव कळलं.

दुसरी अडचण, कागद विखुरलेले आहेत. काही ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत, काही काउंटीच्या अर्काइव्हमध्ये, आणि युनियनचा लंडनच्या वरिष्ठ पुअर लॉ कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये, एमएच 12 या मालिकेत. युनियनच्या हद्दी काउंटीच्या हद्दी पाळत नाहीत, मॅखिन्लेथची युनियन तर तीन काउंट्यांत पसरलेली होती, तेव्हा आधी पॅरिश कुठल्या युनियनमध्ये होती ते बघा.

नॅशनल लायब्ररीची वेल्श वर्तमानपत्रांची साइट फुकट आहे आणि फार चांगली आहे, युनियनचा कारभार बघणाऱ्या गार्डियन मंडळाच्या बैठकांचे वृत्तांत तिथे भरपूर मिळतात. जनगणनेत वर्कहाउसातल्या माणसांची कधीकधी नुसती आद्याक्षरं असतात, तिथे वय आणि जन्मगाव जुळवून बघा. 1904 नंतर वर्कहाउसात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर बहुधा नुसता रस्त्याचा पत्ता दिसतो, तो पत्ता कशाचा होता हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. अलीकडची रजिस्टरं साधारण शंभर वर्षं बंद ठेवतात, ती लगेच मिळतील असं धरून चालू नका.

अर्काइव्हला जायच्या आधी ईमेलमध्ये पॅरिशचं नाव आणि वर्षं कळवा, ओव्हरसियरच्या वह्या शिल्लक आहेत का तेवढं विचारा, कारण सगळ्या पॅरिशच्या उरलेल्या नाहीत. सासऱ्यांच्या पॅरिशच्या काही वर्षांच्या नाहीयेत, त्या वर्षांसाठी मी आता क्वार्टर सेशन्सचे (काउंटीच्या दर तीन महिन्यांनी भरणाऱ्या कोर्टाचे) कागद बघतेय, रिमूव्हलवरून दोन पॅरिशांचं भांडण झालं की ते तिथे जायचं.